मागच्या आसनाची साक्ष

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाट लागतो. एक निवृत्त गुरुजी अनेक वर्षे पत्नीला मागे बसवून स्कूटरने हा घाट उतरत आले आहेत. लेक मोताळ्यास दिलेली. त्यामुळे महिन्याकाठी एक फेरी ठरलेलीच.

गेल्या पावसाळ्यानंतर प्रत्येक फेरीअंती बाईंची कंबर दुखू लागली. गुरुजींनी आधी रस्त्याला दोष दिला, मग वयाला. स्कूटरवर त्यांचा संशय गेलाच नाही. पुढे बसून त्यांना काही जाणवतच नव्हते. अखेर एकदा बाई म्हणाल्या, “अहो, खड्डा मागे पडला, तरी गाडी नाचतेच आहे.”

त्या वाक्यातच निदान होते. मागच्या शॉकअपमधील स्प्रिंग भार पेलते आणि नळीतले तेल तिची उसळी शमवते. सील झिजून तेल पाझरले, तरी स्प्रिंग भार पेलतच राहते. म्हणून उभी गाडी धडधाकट दिसते. चालू लागली, की उसळी आवरत नाही. हा बिघाड हळूहळू वाढतो आणि चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडतो. मागे बसणारा मात्र जवळजवळ चाकावरच बसलेला असतो.

मेकॅनिकने आधी टायरमधील हवा पाहिली. ती जास्त असली तरीही धक्के बसतात. हवा ठीक होती. मग त्याने गाडी स्टँडवरून काढून मागची सीट जोराने दाबून सोडली. सुस्थितीतील गाडी एकदा वर येऊन स्थिरावते. ही दोन-तीनदा हिंदकळली. शॉकअपवर तेलाचा ओघळ होता, त्यावर धुळीचा काळा थर. टायरही जागोजागी कमी-अधिक झिजलेला होता.

“स्प्रिंग कडक करून चालेल का?” गुरुजींनी विचारले. त्याने भार पेलला जाईल, उसळी थांबणार नाही, असे उत्तर मिळाले. शिवाय उसळते चाक रस्ता नीट धरत नाही. घाटाच्या वळणावर ब्रेक लावताना तेच जिवावर बेतते. गुरुजी गप्प झाले. इतके महिने ते कोणाला मागे बसवून तो घाट उतरत होते, हे त्यांना त्या क्षणी उमगले.

नवा शॉकअप बसला. पुढच्या फेरीत घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून त्यांनी प्रथमच मागे वळून विचारले, “त्रास झाला का?”

“खड्डे आहेतच,” बाई म्हणाल्या, “पण आता खड्डा खड्ड्यापुरताच.”