वाचकांचा पत्रव्यवहार

लेखकानं लिहावं, वाचकानं मुकाट वाचावं, असं मानणारे पुष्कळ. त्यातून पत्राखाली खरं नाव नसेल, तर ते सरळ टोपलीत! आता, माझ्या लेखापेक्षा त्यावर आलेली शिवीच बरेचदा अधिक रसाळ असते, ही गोष्ट निराळी. पण १८४८ साली भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या टोपणनावानं एक गृहस्थ पत्रं लिहू लागले. मूळ नाव गोपाळ हरी देशमुख, नोकरी सरकारी, भाषा झोंबणारी. ती पत्रं टोपलीत गेली असती, तर मराठी माणूस 'शतपत्रां'ना मुकला असता. शंभर कसली, चांगली १०८!

"तुम्हांला आलेल्या पत्रांत लोकहितवादी किती?" आमच्या हिनं विचारलं.

अजून एकही नाही. म्हणून तर टोपली रिकामी ठेवायची!