साठीनंतरची लस

लस म्हणजे लहान मुलांची बाब, असंच मी वर्षानुवर्षं मानत आले. डॉक्टरांनी न्यूमोनियाच्या लशीचं सुचवलं तेव्हा मी विचारलं, "घेतली तर न्यूमोनिया होणारच नाही का?" ते म्हणाले, "तशी खात्री नाही." मग एवढे पैसे कशाला घालवायचे, म्हणून विषय तिथेच सोडला. तो प्रश्न रास्तच होता. न्यूमोनिया अनेक जंतूंमुळे होतो. ही लस त्यांतल्या न्यूमोकोकसवर चालते आणि त्याच्याही शंभरावर प्रकारांपैकी काहींवरच.

पण मग शेजारच्या अण्णांचं आजारपण पाहिलं. ना ताप, ना खोकला. अन्नावरची वासना उडाली, ते असंबद्ध बोलू लागले, सुनेला ओळखेनात. घरच्यांना वाटलं, वय झालं. एक्स-रे काढला तर न्यूमोनिया. औषधांनी ते बरे झाले, पण अंगातली ताकद काही परत आली नाही. रोज सकाळी दूध आणायला जाणारे अण्णा आता न्हाणीघरापर्यंतही भिंतीला धरून जातात.

त्यानंतर मी वाचायला घेतलं. नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे ८५ हजार लोकांवर या लशीची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. लशीत ज्या प्रकारांचा समावेश होता, त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी घटला. त्याच प्रकारांचा रक्तात वगैरे पसरणारा गंभीर संसर्ग तर ७५ टक्क्यांनी. पूर्ण खात्री तिथेही नव्हतीच. पण या वयात एकाच दुखण्यात हिंडण्याफिरण्याची उमेद जाते, हे डोळ्यांसमोर घडलं होतं. त्यामुळे निदान त्या प्रकारांच्या न्यूमोनियाचा धोका निम्म्याच्या आसपास कमी होणं मला आता फार मोलाचं वाटतं.

न्यूमोकोकस हा जंतू लहान मुलांच्या नाकाघशात मुक्कामाला असतो आणि तिथून आजी-आजोबांपर्यंत पोचतो. माझ्या नातीला सहाव्या नि चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळाली. २०२१ पासून ती देशभरातल्या बाळांना मिळते. आम्हा दोघांना मात्र पदरचे पैसे मोजावे लागले. ते आम्हाला जमलं. ज्यांची पेन्शन रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांतच संपते, त्यांनी काय करायचं? बाळांसाठी सरकारने जे केलं, ते म्हाताऱ्यांसाठीही करावं, असं आता मी भेटेल त्याला सांगते.