ही कसली डिगरी, टीचर?

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा घरी आले. सोनईत त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. मुलगी त्यांच्यामागे उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. कुठल्याशा खाजगी विद्यापीठाचं माहितीपत्रक होतं, विषय पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्य.

"टीचर, ये कौनसी डिगरी है जी? इसमें सुई लगाने को मिलती क्या?"

मी पत्रक वरवर चाळलं. नीटचे गुण कमी पडलेले, एमबीबीएस शक्य नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणाले, "भाई, हे डॉक्टरही नाही आणि नर्सही नाही. नर्सिंगला घाला, नाहीतर सरळ बी.एस्सी. करू द्या. पुढे बी.एड. करील." पाच मिनिटांत विषय संपला. चहा झाला. मुलगी एक शब्द बोलली नाही, आणि मीही तिला काही विचारलं नाही. वीस वर्षं शिकवतेय, पण त्या दिवशी मी फक्त बापाशी बोलले.

तिने इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. दिवाळीनंतर कारखान्याचा पट्टा पडला, बीडकडून टोळ्या आल्या, रिकाम्या रानात कोप्या उभ्या राहिल्या. यांच्या घरामागेच एक टोळी उतरली होती. एके रविवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत तिने रेघा मारून तक्ते केले होते. प्रत्येक कोपीत माणसं किती, पाणी कुठून आणतात, संडासला कुठे जातात, पाच वर्षांखालची मुलं किती, त्यांच्या लसीचं कार्ड आहे का. कार्डाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी फुली होती.

मी म्हटलं, "लस दिली नसेल."

"नै टीचर, मैंने पूछा ना. कार्ड गाव में पेटी में रखको आए. यहाँ गुम होता बोलको." मग मराठीत, मी शाळेत शिकवलेल्या मराठीत, तिने समजावलं. कार्ड बीड जिल्ह्यात आहे, पोरगं इथं आहे. तिकडची ताई घरी जाते तर कुलूप. इकडच्या यादीत त्या पोराचं नाव नाही. कोणता डोस झाला ते आईला आठवत नाही, फक्त "मांडीत दिलं होतं" एवढं आठवतं.

मला एकदम माझे बी.एड. नंतरचे दिवस आठवले. नोकरी लागायची होती. पल्स पोलिओच्या रविवारी आमच्या मोहल्ल्यात नर्सबाईंबरोबर कुणीतरी हवं असायचं, तर अम्मी मला पाठवायची. एक घर असं होतं की तिथली बाई दारच उघडायची नाही. "ही लोकं घेत नाहीत," असं बरोबरचे लोक म्हणायचे. 'ही लोकं' म्हणजे आम्ही. एकदा मी पुढे होऊन सलाम केला आणि आपल्या बोलीत विचारलं, तर दार उघडलं. कारण मजहबाचं नव्हतंच. थोरल्या मुलाला इंजेक्शननंतर रात्रभर ताप आला होता, आणि तो का आला हे सांगायला नंतर कुणी फिरकलं नव्हतं. बाई रागावली होती, बस. त्या दिवशी धाकट्याला दोन थेंब पाजले. जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो, तेव्हा मला ते दार आठवलं होतं. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हाही टीव्हीवर 'ही लोकं' सुरू झालं. ते ऐकतानाही तेच दार आठवलं.

दार का उघडत नाही हे विचारणं, उत्तर लिहून ठेवणं, शंभर घरांची उत्तरं जुळवून पाहणं, याचाच अभ्यास त्या डिगरीत असतो हे मला माहीत नव्हतं. तिने वही दाखवल्यावर मी ते माहितीपत्रक पुन्हा मागवून घेतलं. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आहार, पाणी आणि स्वच्छता, समाजशास्त्र, आरोग्याची धोरणं. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने कुठल्या घरात किती मेले ते मोजलं आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं. पंपाचा दांडा काढायला लावला. कॉलऱ्याचा जंतू कोणता हे रॉबर्ट कॉखने सिद्ध केलं ते तीसेक वर्षांनी. म्हणजे जंतू कळायच्या आधी मोजणी कामाला आली.

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या नगर जिल्ह्यातच, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले. दोघंही वेल्लोरला डॉक्टर झालेले, आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्य शिकलेलं. लोकांना आधी पाणी आणि अन्न हवं होतं, म्हणून यांनी त्यापासून सुरुवात केली. खेड्यात शिकलेल्या नर्सेस टिकेनात, तेव्हा गावातल्याच बाया निवडल्या. त्यातल्या कित्येक दलित, कित्येक निरक्षर. त्या बाया बाळंतपणं करू लागल्या, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकवू लागल्या. १९७९ साली या नवरा-बायकोला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही हॉपकिन्सला हेच शिकून आले. मी इतकी वर्षं आरोळेंचं नाव 'थोर डॉक्टर' म्हणून मुलांना सांगत आले. डॉक्टरकीच्या पुढे जाऊन ते आणखी काय शिकले होते, हे कधी सांगितलंच नाही.

आणि त्या कोप्यांतल्या बाया. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारने समिती नेमली, ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. ऑपरेशनं करणाऱ्यांकडे डिगऱ्या होत्याच. कामावर खाडा झाला की पैसे कापले जातात, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पोट दुखलं तर कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. हे सगळं एका रेषेत कुणी मांडायचं? दरवर्षी या बाया आपल्या गावाच्या कडेला येऊन राहतात. मी त्यांना बाजारात बघते आणि पुढे जाते.

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो खोटा नाही. सुई नाही, दवाखाना नाही, मग पोट भरणार का? आपल्याकडे हा विषय मुख्यतः एम.पी.एच. म्हणून पदवीनंतर शिकवतात. पदवीलाच तो घ्यायचा तर पर्याय मोजके, आणि फी पंक्चरच्या दुकानाला झेपणारी नाही. सरकारी योजनांतल्या बऱ्याच जागा करारावरच्या असतात, शिवाय चांगल्या जागांना पुढे एम.पी.एच. लागतंच. दुसरा रस्ता असा की आहे ती बी.एस्सी. संख्याशास्त्र घेऊन पूर्ण करायची आणि मग टाटा इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी एम.पी.एच.चा प्रयत्न करायचा. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी एमबीबीएसची अट नसते. माझं मन या दुसऱ्या रस्त्याकडे आहे, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं. तिचं म्हणणं, "टीचर, दोन साल और यहीच पढूँ क्या?"

या वेळी तिला विचारल्यावरच मी दुकानावर गेले. अब्बा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. वर न बघताच म्हणाले, "टीचर, पिछले साल तो आपहीच नक्को बोले थे."

"बोले थे," मी म्हटलं. "गलत बोले थे. पूछे बगैर बोले थे."

ते काही बोलले नाहीत. ट्यूब पुसली, ठिगळ लावलं. मग विचारलं, डिगरी झाल्यावर पोरीला कुठं कुठं फिरावं लागेल, खेड्यापाड्यांत एकटीच जावं लागेल का. मी खरं ते सांगितलं, की फिरावं लागेल. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही.

फॉर्म भरून ठेवलाय. फीच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यासाठी सोमवारी बापलेक नेवाशाला जाणार आहेत. वही तिने माझ्याकडे ठेवलीय. यंदा टोळ्या येतील तेव्हा ती इथं नसली तर रकाने मी भरायचे, असं ठरलंय.