सूत्रांच्या माहितीनुसार...

कसब्यात राहणाऱ्याला बातमी पेपरातून कळत नाही. ती आधी कट्ट्यावर येते, मग दूधवाल्याकडे, मग आमच्या आजीकडे आणि शेवटी, जमलंच तर, पेपरात. त्यामुळे 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे शब्द वाचले की मला हसू यायचं. हल्ली येत नाही. का, ते सांगतो.

ऑक्टोबर २०१८. मी तेव्हा आठवीत. काका मला मनपाहून बसने बालेवाडीला घेऊन गेला, एफसी पुणे सिटीची मॅच बघायला. बंगळुरूने आपल्याला घरच्या मैदानावर ३-० असं धुतलं. आणि आठवडा उलटायच्या आत कोच मिगेल आंखेल पोर्तुगाल यांची गच्छंती! सीझनचे सामने झाले होते किती? तीन. एक बरोबरी, दोन पराभव. मी काकाला विचारलं, "तीन मॅचमध्ये काय कळतं रे?" तो म्हणाला, "कोचबद्दल काही नाही कळत. मालकांबद्दल कळतं." (पुढच्याच वर्षी क्लबच बंद पडला. काकाचा राग अजून गेलेला नाही.)

तेव्हापासून मला कोचच्या हकालपट्टीच्या बातम्या वाचायचा नादच लागला. दोन-चार वाचल्या की साचा लक्षात येतो. आधी नाव न सांगणारं कुणीतरी पत्रकाराच्या कानात सोडतं : खेळाडू नाराज आहेत, सराव जुनाट आहे, ड्रेसिंग रूम हातातून गेली आहे. मग 'कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे' असं निवेदन. (हे आलं की कोचने बॅग भरायला घ्यावी!) आणि मग आभाराचं पत्रक. मँचेस्टर युनायटेडचे डेव्हिड मॉयेस जाणार हे २१ एप्रिल २०१४ लाच सगळीकडे आलं होतं. क्लबने जाहीर केलं २२ ला. लेस्टरला २०१६ मध्ये इंग्लंडचं अजिंक्यपद मिळवून देणारे क्लॉडिओ रानिएरी नऊ महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, घरी गेले. मग बातम्या आल्या की म्हणे खेळाडूंनीच मालकांकडे तक्रार केली. खेळाडू म्हणाले, छे, आम्ही नाही! मग कुणी? चेल्सीने तर डिसेंबर २०१५ मध्ये आडपडदाच ठेवला नाही. मोरिन्यो गेल्यावर तांत्रिक संचालक मायकेल एमेनालो क्लबच्याच टीव्हीवर बसले आणि कोच आणि खेळाडूंत बेबनाव होता असं सांगून मोकळे झाले.

आता बघा, खेळाडू विकत घेतले कुणी? कोचला नेमलं कुणी? हे प्रश्न बातमीत येतच नाहीत, आणि येऊ नयेत म्हणूनच ती पेरलेली असते. शिवाय कराराची वर्षं उरली असतील तर कोचला भरपाई द्यावी लागते, आणि त्या तडजोडीत बरेचदा तोंड बंद ठेवायची अट असते. म्हणजे एका बाजूला नाव नाही नि दुसऱ्या बाजूला आवाज नाही. शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलेल्या आम्हाला 'ध'चा 'मा' काही नवा नाही. पण त्या गोष्टीत निदान कागद तरी होता!

असो. आता माझं.

सेकंड इयरला मी फुटबॉल टीमचा मॅनेजर होतो. आमच्या ग्राउंडवर महिनाभर गॅदरिंगचा मांडव होता. दुसरं मैदान बुक करणं माझं काम. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिलो आणि राहून गेलं. सरावाविना टीम उतरली आणि तिन्ही मॅच हरली. त्या संध्याकाळी टपरीवर कुणी काही विचारायच्या आत मीच बोलून गेलो, "सरांचं हल्ली लक्षच नसतं यार." दोन दिवसांनी जिमखान्याच्या फलकावर मी लिहिलं, 'संघातील सूत्रांच्या माहितीनुसार प्रशिक्षकांविषयी खेळाडूंत नाराजी आहे.' सूत्र कोण? अस्मादिक! खेळाडूंना विचारलंसुद्धा नव्हतं. पण लिहिल्यावर तेही नाराज झाले, हे विशेष. पंधरा दिवसांत सरांना थांबायला सांगितलं गेलं. 'योगदानाबद्दल आभार' हा कागद लागला, त्याचा मसुदाही माझाच. सर एक शब्द बोलले नाहीत.

सर राहतात तांबट आळीत, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. कितीतरी महिने मी फडके हौदाकडून लांबचा वळसा घालून घरी जात होतो. परवा पाऊस आला म्हणून आळीतून घुसलो, तर समोर सरच, हातात भाजीची पिशवी. दोन्हीकडून तांब्यावर ठोके पडत होते.

"काय रे, यंदा मैदान वेळेवर बुक केलंस ना?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"हो सर," मी म्हणालो. त्या ठोक्यांत त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. त्यांनी मान हलवली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वाड्याच्या दिंडीतून आत गेले.