नायक परत यायचा तेव्हा

जोसेफ कॅम्बेल या अमेरिकी अभ्यासकाचं ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ हे पुस्तक १९४९ साली निघालं. देशोदेशीच्या पुराणकथा आणि लोककथा धुंडाळून त्याने मांडलं की नायक कुठलाही असो, त्याची वाट ठरलेली असते. आमच्या तालुक्याच्या गावात हे पुस्तक कुणाकडे असल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यातला राजपुत्र मात्र नव्वदच्या दशकात फ्लॉपीत बसून गावात आला आणि कॉम्प्युटर क्लासच्या मॉनिटरवर धावू लागला.

तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो १९८९ साली आणला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचं चित्रण केलं होतं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल गिरवली होती. म्हणून तो जरा घसरत थांबायचा, कठड्याला लटकून मग अंग वर ओढायचा. क्लासची फी भरलेली असायची डॉस शिकायला. आम्ही शिकलो ते असं: एक मजला खाली पडलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर एक जीव कमी होतो, तीन मजले पडलं की खेळ खलास. तळघरात हातात काही नसताना सुरुवात करायची, आधी तलवार शोधायची आणि साठ मिनिटांच्या आत राजकन्येपर्यंत पोचायचं.

या खेळात एक आरसा होता. राजपुत्र आरशातून आरपार उडी मारायचा, तेव्हा त्याची सावली दुसऱ्या बाजूने निघून जायची. पुढे हीच सावली ऐन वेळी आडवी यायची. शेवटाकडे ती तलवार उपसून समोर उभी राहायची आणि तिच्यावर घाव घातला की आपलाच जीव कमी व्हायचा. यावर उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालून जायचं. दोघं एक व्हायचे. हे कुणी सांगितल्याशिवाय सुचणं कठीण होतं. पुष्कळ वर्षांनी कॅम्बेल वाचला. त्याच्या मांडणीत नायकाला शेवटी जिच्याशी गाठ घालावी लागते ती बरेचदा त्याची स्वतःचीच नाकारलेली बाजू असते, हे वाचून पहिली आठवण झाली ती त्या मॉनिटरची.

कॅम्बेलचे टप्पे सतरा. पाच निघण्याचे, सहा कसोटीचे आणि सहा परतण्याचे. साद येते, नायक आधी नाही म्हणतो, अवचित मदत मिळते, उंबरठा ओलांडला जातो. मग कसोट्या, मोहाचे प्रसंग, बापाशी समेट, वरदान. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण कॅम्बेलने परतीला कसोटीइतकेच टप्पे दिले आहेत, हे सहसा कुणी बोलत नाही. मिळवलेलं घेऊन नायक माघारी येत नाही, आपल्या माणसांच्या हाती ते देत नाही, तोवर कॅम्बेलच्या लेखी गोष्ट पुरी झालेली नाही. परतायला नकार देणाऱ्याचं उदाहरण म्हणून त्याने कोण निवडावा? आपला मुचकुंद! देवांसाठी लढून थकला आणि वर म्हणून झोप मागून घेतली, असा हा राजा. त्याला जागं करणारा कालयवन जळून गेला, समोर कृष्ण दिसला. गुहेबाहेर येऊन पाहतो तर माणसं खुजी झालेली. अशा जगात परतून करायचं काय, म्हणून तो तपाला निघून गेला. कीर्तनात ऐकलेला हा प्रसंग कॅम्बेलच्या पुस्तकात भेटला तेव्हा मी चकित झालो होतो. खरं तर चकित व्हायचं कारण नव्हतं. हाइनरिश झिमर या भारतविद्येच्या पंडिताचे ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर कॅम्बेलनेच संपादित केले होते.

मराठी माणसाला परतीचं महत्त्व निराळं शिकवावं लागत नाही. आपण सगळ्यांत रंगून सांगतो ते साहस म्हणजे १६६६ सालची आग्र्याहून सुटका. तिथे ना लढाई जिंकली गेली, ना किल्ला घेतला गेला. पेटाऱ्यांची युक्ती, गोसाव्यांचा वेश, मोगली मुलखातून काढलेली वाट आणि शेवटी राजगड. म्हणजे अख्खी गोष्टच परतीची. श्रावणातल्या कहाण्याही माणसाला वनवासातून घरी आणून, भरल्या ताटावर बसवून मगच सुफळ संपूर्ण होतात.

आमच्या लहानपणी पडद्यावरचा नायक परतो न परतो, पडद्याबाहेर परतीचा टप्पा पक्का असायचा. टॉकीजला नवा पिक्चर लागला की गल्लीतल्या सगळ्यांच्या नशिबी तो नसायचा. एखादा पोरगा मामाच्या गावी जाऊन पाहून यायचा आणि संध्याकाळी कट्ट्यावर त्याला गराडा पडायचा. ‘स्टोरी सांग ना.’ मग तो सांगायचा. टायटलपासून सुरुवात, ढिशांव-ढिशांव तोंडाने, घोड्यांच्या टापा मांडीवर, मध्यंतराला पाणी प्यायला सुट्टी. शेवट तर सांगायचाच. शेवट राखून ठेवणाऱ्याला मार पडला असता. पुढे तोच पिक्चर गणपतीत गल्लीत आडवा पडदा बांधून दाखवत. पुढे जागा नसली की आम्ही पडद्यामागे बसायचो, तिकडून सगळे नायक डावखुरे दिसायचे. गोष्ट तोंडपाठ असायची आणि तरी डोळे मिटत नसत. त्याच सुमारास, १९८७ पासून, दर रविवारी सकाळी दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’ने रस्ते ओस पडत. रावण मरणार की नाही, या उत्सुकतेने तिथे कोण बसलं होतं?

पिक्चर पाहून आलेल्या त्या पोराने दुसऱ्या जगातून काहीतरी आणलेलं असायचं आणि ते तो वाटून टाकायचा. कॅम्बेलचा शेवटचा टप्पा याहून वेगळा नाही.

खेळांतही हेच चाले. टीव्हीला जोडायच्या गेमची कॅसेट यायची, तिच्यावर ‘९९९९ इन १’ छापलेलं आणि आत खरे खेळ वीसपंचवीस, बाकी त्यांचीच आवर्तनं. मारिओचे आठ प्रदेश, प्रत्येकाचे चार भाग. मध्येच थांबून पुढे तिथूनच सुरू करायची सोय नव्हती. आठव्या प्रदेशात पोचल्यावर लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि आमच्याकडे लाइट जायची. सात किल्ले सर केले तरी दर वेळी निरोप हाच की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. ‘कॉन्ट्रा’त तीन जीव पुरत नसत. मग कुणाचा तरी थोरला भाऊ सुट्टीत घरी यायचा आणि बटणांचा मंत्र देऊन जायचा: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तीस जीव! कॅम्बेलच्या यादीतली दैवी मदत ती हीच. ती खेळात नसायची, गल्लीत असायची. पार्लरमध्ये तर मेलेल्या नायकाला उठवायला रुपयाचं नाणं लागे. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हे खरं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्यावरून सगळे त्याला ‘मुस्तफा’च म्हणत. पडद्यावर नऊ, आठ, सात असे आकडे उतरत जायचे आणि खिशात हात चाचपत राहायचा. नाणी संपली की पायी घरी. वाटेत मात्र तोंड चालू: कुठवर पोचलो, तिथला बॉस कसा मारतात, कोपऱ्यात काय दडवलंय.

मधल्या काळात तिकडे अमेरिकेत काय चाललं होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. जॉर्ज लुकसने १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मागे कॅम्बेलच्या वाचनाचा हात असल्याचं उघड सांगितलं होतं. बिल मॉयर्सने कॅम्बेलच्या ज्या गाजलेल्या मुलाखती घेतल्या, त्यांतल्या बऱ्याचशा लुकसच्याच स्कायवॉकर रँचवर चित्रित झाल्या; १९८८ साली त्या दाखवल्या गेल्या तेव्हा कॅम्बेल हयात नव्हता. दरम्यान १९८५ साली डिस्नेत पटकथा वाचायचं काम करणाऱ्या ख्रिस्तोफर व्होग्लरने कॅम्बेलचं सार सात पानांच्या टिपणात उतरवलं. सतरा टप्प्यांचे बारा झाले. टिपण हातोहात फिरलं आणि पुढे त्याचं पुस्तक झालं. व्होग्लरच्या मांडणीतही नायक अमृत घेऊन घरी येतोच, तेव्हा दोष त्याला देता येणार नाही. पण सूत्र कागदावर आलं की लोक त्यातलं सोयीचं तेवढं उचलतात. साद, गुरू, कसोटी यांवर तिकिटं विकली जातात. परतीवर नाही.

२००३ साली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग आला. अंगठी नष्ट झाल्यावरही सिनेमा बराच वेळ चालतो आणि त्याबद्दल प्रेक्षकांनी कुरकुर केली. टॉल्किनच्या पुस्तकात तर घरी आलेल्या नायकांना आपलाच गाव गुंडांच्या तावडीतून सोडवावा लागतो. ते प्रकरण सिनेमाने गाळलंच. माझ्या मते सबंध पुस्तकाचा अर्थ त्या प्रकरणात आहे. आपल्याकडे २००४ साली आशुतोष गोवारीकरने आख्खा परतीचाच सिनेमा काढला, ‘स्वदेस’. त्यातलं चरणपूर म्हणजे वाईजवळचं मेणवली. नासात काम करणारा नायक आपलं ज्ञान घेऊन येतो, गावात पाण्यावर दिवा लावतो, परत अमेरिकेला जातो आणि तिथे जीव रमत नाही म्हणून कायमचा माघारी येतो. त्या वेळी सिनेमा चालला नाही. आज त्याचं कौतुक करणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, तेव्हा तुम्ही कुठे होता?

आता माझा भाचा. नायकाच्या प्रवासाचे बारा टप्पे त्याला पाठ आहेत. तो सिनेमा पाहता पाहता, ‘आता म्हातारा मरणार,’ असं सांगतो आणि म्हातारा मरतो. एवढं सगळं आधी ओळखणारा हा मुलगा मी सिनेमाबद्दल तोंड उघडलं की कानांवर हात ठेवतो. ‘मामा, स्पॉयलर नको हं!’ आमच्या वेळी स्टोरी सांगणं हे कर्तव्य होतं, आता तो गुन्हा आहे. मल्टिप्लेक्समध्ये नावांची यादी संपेपर्यंत सगळे बसून राहतात, कारण २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून सवय लागली आहे की यादीनंतर पुढच्या सिनेमाची चाहूल येते. नायक उंबरठ्यावर पोचतो न पोचतो तोच त्याला नवी साद घातली जाते. मोबाइलवरच्या बॅटल रॉयलमध्ये तर विमानातून उडी, लूट, आक्रसत जाणारा झोन, मरण किंवा जिंकणाऱ्याला ‘चिकन डिनर’ आणि पुन्हा लॉबी. लॉबी म्हणजे घर नव्हे. तिथे मिळवलेली स्किन दाखवता येते, पण कुणाला देता येत नाही.

सगळंच बिघडलंय असं म्हणायला मी काही पेन्शनर नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी त्यात नायिका आहे आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत सांगतात. आमच्या काळात मुलगी म्हणजे दुसऱ्या किल्ल्यातली राजकन्या. तिच्या हाती शस्त्र देणारा खेळ मला तेव्हा तरी भेटला नव्हता. सावित्रीची गोष्ट माहीत असलेल्या देशात हे सुचायला इतकी वर्षं लागायला नको होती. आणि ‘जर्नी’ हा २०१२ चा खेळ तर जेनोव्हा चेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅम्बेल समोर ठेवूनच रचला. वाळवंटात एक झगेवाला प्रवासी, दूर डोंगराच्या माथ्यावर उजेड, संवाद नाहीत. वाटेत दुसरा खरा खेळाडू भेटतो, पण त्याचं नावही कळत नाही, दोघांनी नुसतं साद देत चालायचं. दोनेक तासांत माथा गाठला की एक तेजाचा ठिपका चालून आलेल्या मुलखावरून उडत थेट आरंभाच्या जागी येऊन टेकतो. परत येणारा खेळ आजही करता येतो, एवढं त्यावरून दिसतं. मुलांनी तो खेळावा.

दुसऱ्यांचे खेळ यूट्यूबवर तासन्‌तास पाहणारी मुलं मला आधी कळत नसत. आता वाटतं, तो कट्ट्याचाच एक प्रकार असेल. फरक इतकाच की सांगणाऱ्यासमोर लाखभर माणसं असतात आणि ‘मग पुढे?’ असं त्याला मध्येच थांबवून विचारता येत नाही.

म्हणून घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलाने एखादा खेळ संपवला किंवा सिनेमा पाहून आलं, तर किती तास घालवलेस हे लगेच विचारू नका. समोर बसवा आणि स्टोरी सांगायला सांगा. शेवटासकट.