लँगॉलेनची गानपरिषद

परदेशगमनाची वर्णने वाचून वाचून लंडन व पॅरिस ही नगरे आपल्या वाचकांस आता काशी-रामेश्वराइतकी परिचयाची झाली आहेत. त्यांविषयी नवे सांगण्याजोगे आमच्यापाशी काही नाही. परंतु ब्रिटनच्या पश्चिम अंगास वेल्स नावाचा जो डोंगराळ प्रांत आहे, त्यातील लँगॉलेन या लहानशा गावी जुलै २०१९ मध्ये आठवडाभर राहण्याचा योग आम्हांस आला. तेथे प्रतिवर्षी देशोदेशींचे गायकवृंद जमतात व गाण्याची स्पर्धा करतात. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या मुंबईतील एका वृंदात गाते. तो वृंद स्पर्धेस निघाला, तेव्हा बरोबर कोणी वडीलधारे असावे असे ठरून ती जबाबदारी आमच्याकडे आली.

प्रथम गावाच्या नावाविषयी. त्याच्या आरंभी दोन लकार लिहितात. परंतु त्यांचा उच्चार आपल्या वर्णमालेत बसत नाही. जिभेचे टोक लकाराप्रमाणे दातांमागे टेकवावे आणि कंठातून नाद न काढता केवळ श्वास जिभेच्या कडांवरून सोडावा, म्हणजे तो वर्ण साधतो. आमच्या पाणिनीय शिक्षणाच्या भाषेत त्यास अघोष लकार म्हणता येईल. या उत्सवास तेथे ‘आइस्टेझ्वोड’ म्हणतात. त्याची फोड ‘बसणे’ आणि ‘असणे’ अशी आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते यांतील पहिल्या पदाचा मूळ धातू व आपला ‘सद्’ धातू एकाच कुळातील होत. दुसऱ्या पदाचे नाते आपल्या ‘भू’ धातूशी आहे. परिषद्, संसद्, सभासद हे आपले शब्द त्याच ‘सद्’पासून निघाले. तेव्हा या उत्सवास गानपरिषद म्हटले तर ते केवळ भाषांतर होत नाही. सहस्रावधी वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या दोन आप्तांची ती भेट होय.

मँचेस्टरच्या विमानतळावरून मोटारीने साधारण दोन तासांत आम्ही गावी पोहोचलो. डी नदीच्या दोहों तीरांस वसलेले हे गाव तीन-चार हजार वस्तीचे. नदीवर जुना दगडी पूल आहे. त्याखालून पाणी खडकांवर आपटत, फेसाळत जाते. पुलावर उभे राहिले की शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते. उत्तरेस उंच टेकडीवर दिनास ब्रान या तेराव्या शतकातील किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. सह्याद्रीतील गड पाहिलेल्या डोळ्यांस तो किल्ला लहान वाटतो. परंतु भग्न तटावरून आरपार दिसणारे आकाश दोन्हीकडे सारखेच. गावापासून पूर्वेस काही मैलांवर टेलफर्ड व जेसप या अभियंत्यांनी इ. स. १८०५ मध्ये पुरा केलेला जलसेतू आहे. नदीपासून १२६ फूट उंचीवरून, १८ दगडी खांबांवर ठेवलेल्या लोखंडी पन्हळीतून कालवा वाहतो व त्यातून नावा जातात. २००९ साली त्याची गणना जागतिक वारशात झाली.

आता मुख्य विषयाकडे वळू. ही परिषद प्रथम जून १९४७ मध्ये भरली. महायुद्ध संपून दोनच वर्षे लोटली होती. ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे नियंत्रण चालू होते. अशा काळी हॅरॉल्ड ट्यूडर या पत्रकाराच्या मनात आले, की काल रणांगणावर समोरासमोर उभी ठाकलेली राष्ट्रे गाण्यासाठी एकत्र आणावीत. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, मैदानात तंबू उभारला, आणि आलेल्या पाहुण्यांची आपल्या घरी सोय केली. शिधापत्रिकेवर स्वतःचे घर चालविणाऱ्या गृहिणींनी परक्या देशाची माणसे जेवू घातली, याचे मोल आपल्याकडील गृहिणींस निराळे सांगावयास नको. बुडापेस्टहून कामगारांचा एक वृंद निघाला होता. त्यास वाटेत रेल्वेचा संप आडवा आला. तरी मिळेल त्या वाहनाने ती मंडळी येऊन पोहोचली.

पुढे १९४९ साली ल्यूबेक येथील जर्मन वृंद आला. समोर बसलेल्या श्रोत्यांत युद्धात पुत्र, पती वा बंधू गमावलेली माणसे होती. हे लोक व्यासपीठावर आले असता त्यांची ओळख काय म्हणून करून द्यावयाची, हा प्रश्न सोपा नव्हता. निवेदकाने त्यांस जर्मनीहून आलेले आपले मित्र म्हटले, आणि श्रोत्यांनी त्यांचे स्वागत केले. या परिषदेचा सारा इतिहास त्या एका शब्दात सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते.

१९५५ साली इटलीतील मोदेना शहरचा पुरुषवृंद येथे आला व त्याने पहिले पारितोषिक नेले. त्या वृंदात एक पावरोटीवाला आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलासह गात होता. मुलाचे शिक्षण शाळामास्तर होण्यासाठी झालेले. तोच पुढे जगद्विख्यात झालेला लुचानो पाव्हारोत्ती. आपण गायक व्हावे हा निश्चय लँगॉलेनच्या त्या विजयाने दृढ झाला, असे तो पुढे सांगत असे. आणि १९९५ साली तो या गावी पुन्हा येऊन गायिला. शिक्षकवर्गाने एक उमेदवार गमावला याचे दुःख करण्याचे कारण नाही.

वृंदगानाची रीत आपल्या सर्वच वाचकांस ठाऊक असेल असे नाही. आपल्याकडे आरतीस वा भजनास सर्वजण एकच चाल गातात. तेथे स्त्रियांचे उंच व खालचे, आणि पुरुषांचे उंच व खालचे, असे चार पक्ष असतात व चारी पक्ष एकाच वेळी निरनिराळे स्वर गातात. ते स्वर एकमेकांत मिसळून जो नाद उठतो तो कोणा एकाचा नसतो. पुष्कळ रचना वाद्याविना गावयाच्या असतात. संचालक ध्वनिशूल कानाशी धरून आरंभीचा स्वर देतो. त्यानंतर आधार फक्त एकमेकांच्या कानांचा. गाताना सगळा वृंद नकळत स्वरातून खाली उतरत जातो, हा या कलेतील नित्याचा धोका होय.

आमची पुतणी बारा वर्षे ख्यालगायन शिकली आहे. आवाज भरदार, मोकळा. वृंदात ती स्त्रियांच्या खालच्या पक्षात गाते. लँगॉलेनला पोहोचल्यावर पहिल्याच तालमीत संचालकांनी तिला सांगितले, की तुमचा आवाज बाकीच्यांतून वेगळा दिसतो, तो आवरा. सायंकाळपर्यंत हेच तीनदा झाले. रात्री पुलावर ती आम्हांस म्हणाली, “काका, बारा वर्षे आवाज मोकळा करण्यात घालविली, ती आता तो झाकून ठेवण्यासाठी का? मी उद्यापासून गात नाही.” तिचे डोळे भरून आले होते. हा हट्ट नव्हता. आपल्या गायनपद्धतीत गायक एकटा बसतो; तंबोरा, तबला, सारंगी ही सर्व त्याच्या मागे असतात. त्या विद्येत वाढलेल्या मुलीस ‘दिसू नको’ म्हणणे म्हणजे तिच्या गुरूंनी दिलेले परत मागण्यासारखे होते. आम्ही तिला एवढेच म्हटले, की उद्याची तालीम होऊ दे, मग निर्णय कर.

दुसऱ्या दिवशी रचनेचा शेवट काही केल्या जमेना. शेवटच्या स्वरसमूहातील गांधार स्त्रियांच्या खालच्या पक्षाकडे होता, आणि तो डळमळत होता. बहुतेक मंडळी पियानोवर शिकलेली. पियानोचा किंवा पेटीचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा किंचित चढा असतो. आमच्या पुतणीचा कान मात्र तंबोऱ्यावर तयार झालेला. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार आपोआप उमटतो, तोच तिच्या मनात ठसलेला. संचालकांनी प्रत्येकीस निराळे गावयास लावले. तिच्यापाशी येताच ते थांबले व इतरांस म्हणाले, “हा स्वर ऐका. सर्वांनी येथे यावयाचे आहे.” मग तिला म्हणाले, “तुम्ही मात्र इतक्या हळू गा, की शेजारणीचा आवाज तुम्हांला तुमच्या आवाजाइतकाच ऐकू येईल.” तास दीड तास ते एवढेच चालले होते. अखेरीस तो स्वरसमूह असा काही जुळला, की खोलीतील हवा थरारल्यासारखी झाली. त्या रात्री गाणे सोडण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

स्पर्धा कालव्याजवळील भव्य मंडपात होते. तंबूच्या जागी ही पक्की वास्तू १९९२ साली आली. आमच्या वृंदापूर्वी गायिलेली मंडळी आपले गाणे आटोपून श्रोत्यांत येऊन बसली होती, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटली. प्रतिस्पर्धी चुकावा म्हणून नव्हे, तो काय करतो हे ऐकण्यासाठी ते बसले होते. आणि टाळ्याही त्यांच्याच प्रथम पडल्या. गाणे संपताच संचालकांनी हळूच ध्वनिशूल कानाशी नेला. स्वर तिळमात्र उतरला नव्हता. पारितोषिक आम्हांस मिळाले नाही. पहिल्या तिघांत आमचा वृंद नव्हता. परंतु परीक्षकांनी अभिप्रायात अखेरच्या स्वरसमूहाच्या शुद्धतेचा मुद्दाम उल्लेख केला.

त्या संध्याकाळी आमच्यापेक्षा अधिक गुण मिळविलेल्या एका वृंदातील चारपाच मुली कालव्याकाठी पुतणीस शोधीत आल्या. तो गांधार तुम्ही कोठून आणलात, हे त्यांस विचारावयाचे होते. तिने भ्रमणध्वनीतील तंबोरा लावला व त्यांस डोळे मिटून ऐकावयास सांगितले. प्रथम कोणास काही उमगेना. काही वेळाने एकीने हात वर केला, मग दुसरीने. जिंकलेले हरलेल्यांपाशी गवतावर बसून शिकत होते. वृंदात जो आवाज तिला आवरावा लागला, त्यामागील विद्या अशी तिला दुप्पट होऊन परत मिळाली.

ही रीत सर्वस्वी परकी आहे असेही कोणी समजू नये. आपल्या सामगायनात प्रस्तोता, उद्गाता व प्रतिहर्ता हे तिघे ऋत्विज सामाचे आपापले भाग गातात आणि अखेरचे निधन तिघे मिळून म्हणतात. आपला भाग आला असता गावा व इतरांचा चालू असता ऐकावा, ही शिस्त आपल्या यज्ञमंडपात फार पूर्वीपासून आहे. आरतीच्या वेळी टाळ-घंटेच्या गजरात कोण काय म्हणतो हे कोणासच ऐकू येत नाही, हा अलीकडचा प्रकार.

एकत्र कुटुंबात दहा माणसे एका छपराखाली राहतात. सर्वांनी एकच स्वर काढावा, अशी अपेक्षा तेथे बहुधा कर्त्या माणसाची असते. आणि ज्याचा आवाज निराळा, त्यास गप्प बसविणे हा सोपा उपाय असतो. लँगॉलेनच्या त्या संचालकांनी दोन्हीही केले नाही. आवाज त्यांनी आवरावयास लावला. परंतु त्याआधी तो नीट ऐकला, आणि त्यात जे खरे सापडले त्याकडे सर्वांस आणले. घरातील वडीलधाऱ्यांस यापरते अधिक शिकण्याजोगे आमच्या त्या प्रवासात दुसरे काही नव्हते.