मुरुमातले मासे

आमच्या गावाचं नाव मुरूम. नाव सांगितलं की पुण्या-मुंबईकडचे लोक हसतात आणि ‘म्हणजे रस्त्यावर टाकतात तोच का?’ असं विचारतात. तोच. धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या इतकं कडेला की आमच्या बँकेच्या काउंटरवर भांडण मराठीत सुरू होतं आणि कानडीत मिटतं. मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. बी. कॉम. झाल्यापासून दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. चाळिशी उलटल्यावर माणसाला एखादा छंद असावा, असं सगळे म्हणतात. मला तो नव्हता, आणि त्यावाचून माझं काही अडलेलंही नव्हतं.

अडलं ते आमच्या कन्येचं. ती सहावीत आहे. खोकल्यासाठी तिला उमरग्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथं बाहेरच्या खोलीत माशांची काचेची पेटी होती. दीड तासानं आमचा नंबर आला तेव्हा खोकला थांबला होता आणि कन्या पेटीपुढून उठायला तयार नव्हती. घरी आल्यावर ती म्हणाली, “बाबा, आपल्याकडे मासे आणायचे.” हेड ऑफिसचं परिपत्रक येतं तोच सूर. चर्चेला जागा नाही.

पण मीही बँकेतला माणूस. शंभर कागद पाहिल्याशिवाय आम्ही कुणाला काही देत नाही. मी चौकशी सुरू केली. माझा डोळा गोल बरणीवर होता, कारण ती स्वस्त. वाचल्यावर कळलं की बरणी माशाला सगळ्यात वाईट. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो वरच्या पृष्ठभागातून, आणि बरणीचं तोंड असतं अरुंद. शिवाय थोडं पाणी चटकन बिघडतं. नवशिक्यानं पेटी मोठीच घ्यावी, म्हणजे पाणी बिघडायला वेळ लागतो आणि चूक सुधारता येते. मोठं कर्ज बुडायलाही वेळ लागतो, त्यामुळे हा मुद्दा मला लगेच पटला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी ठरली.

आता हिशेब. दोन घनफूट पाणी म्हणजे साडेछप्पन लिटर. वरून दोन बोटं रिकामं सोडायचं, तळाला खडे घालायचे. म्हणजे झाले पंचेचाळीस-पन्नास. हा आकडा मी रात्री जेवताना, भाकरीचा घास तोंडात असताना, शक्य तितक्या अस्पष्टपणे सांगितला.

“किती?” सौ. म्हणाली.

“एकदाच भरायचं गं. मग आठवड्याला फक्त पाव भाग बदलायचा. बारा-चौदा लिटर.”

“अहो, आठवड्याला नळ येईल याची खात्री आहे का तुम्हाला?”

इथं वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पाणी हा विषय हवापाण्याच्या गप्पांमध्ये मोडत नाही. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाचा दिवस म्हणजे सण. पाहुण्याला कधी यायचं ते आम्ही नळ बघून कळवतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आम्ही ते पाहून हळहळलो नाही. आम्हाला हेवा वाटला, कारण आमच्या गावाला रेल्वे नाही.

आईनं मात्र जेवण संपेपर्यंत काही म्हटलं नाही. हात धुतल्यावर म्हणाली, “पाणी काय बघायची वस्तू हाय का रे?” आणि आत गेली.

खरं तर मी तिथंच थांबायचं. पण कन्येनं तोवर माशांची नावं ठरवली होती: सोनू, मोनू आणि तिसऱ्याचं सचिन. नाव ठेवल्यावर माघार घेता येत नाही.

सोलापूरच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं आधी विचारलं, “वास्तूसाठी पाहिजे का शौक म्हणून?” वास्तूसाठी असेल तर आठ सोनेरी आणि एक काळा मासा, पेटी ईशान्येला. मी म्हटलं, आमच्या ईशान्येला न्हाणीघर आहे. मग त्यानं मला शौकात धरलं. पेटी, हवेचा पंप, गाळणी, दिवा, खाली घालायला थर्माकोलचा तुकडा, पंपाची नळी. पाणी गरम ठेवायचा हीटरही त्यानं पुढं केला. मराठवाड्याचा माणूस सोलापुरात हीटर विकत घेतो आहे हे दृश्य मला सहन होईना. तो मी नाकारला. शेवटी रंगीत खडे. निळे, गुलाबी, पोपटी. भाव किलोला चाळीस रुपये, आणि लागणार आठ-नऊ किलो.

“दगडाचे?” मी विचारलं.

“दगडाचेच ना साहेब. सोन्याचे कसे देऊ?”

खडे न घेता निघालो. मुरूमच्या माणसानं तीनशे साठ रुपयांचे खडे विकत घ्यायचे म्हणजे गावाच्या नावाला बट्टा. एस. टी.त पेटी मांडीवर घेऊन बसलो. वाटेत नळदुर्ग लागतं. तिथल्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधलेला. पावसाळ्यात पाणी डोक्यावरून आणि समोरून कोसळतं आणि आतल्या सज्जात माणूस कोरडा उभा राहून बघतो. म्हणजे माणसं आत आणि पाणी बाहेर, अशी उलटी पेटी आमच्या भागात चारशे वर्षांपूर्वी झालेली होती. आईला हे सांगावं असं मनात आलं. पण बादशहानं स्वतः घागरी वाहिल्या नसणार, हे तिनं लगेच ताडलं असतं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामावरून पाटीभर मुरूम आणला. धुतला. लाल पाणी आलं. पुन्हा धुतला. पुन्हा लाल. मुरूम हा मुळात कुजका दगड. धुवाल तितका विरघळतो आणि शेवटी चिखल उरतो. सात वेळा धुतल्यावर पाटी अर्धी झाली आणि पिंपही. आई ओसरीवर बसून बघत होती.

“काय करायलास?”

“खडे धुतोय.”

“मुरूम हाय ती. जल्मभर धुतलास तरी लालच. काळ्या दगडाची खडी घे की, शेजाऱ्याच्या बांधकामावर पडलीया. ह्या बोटाएवढी. मोठी नगं, फटीत घाण बसंल.”

मग ती स्वतःच उठली. शेजाऱ्याला विचारून खडीच्या ढिगापाशी बसली आणि निवडायला लागली. ज्वारी निवडावी तशी. खडा उचलायचा, अंगठ्यानं फिरवायचा, धार असली की बाजूला टाकायचा. मी आणलेल्या फूटपट्टीकडे तिनं पाहिलंही नाही. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती. सरकारी कामावर खडी फोडायला जायची, मापाच्या पेटीत भरून द्यायची, कमी भरली तर मजुरी कमी. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. पण अर्धा इंच म्हणजे किती हे पन्नास वर्षांनंतरही तिच्या अंगठ्याला पाठ आहे, हे मी त्या दिवशी पाहिलं.

“आमी फोडली ती खडी रस्त्यात गेली,” ती म्हणाली. “किलोनं इकायची असती हे ठावं असतं तर दोन पाट्या घरी आनल्या असत्या.”

खडी एकाच पाण्यात स्वच्छ झाली.

पेटी भरली ती नळाच्या दिवशी. तळाला ताटली ठेवून तिच्यावर पाणी सोडायचं, म्हणजे खडी हलत नाही. पाणी चढत होतं, कन्या टाळ्या वाजवत होती, आणि मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. बाहेर गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन नळाला उभ्या होत्या. बँकेत मी लाखांच्या नोटा काचेआड ठेवून बसतो, तेव्हा मला कधी पडदा ओढावासा वाटलेला नाही.

एक दिवस पाणी तसंच ठेवलं, क्लोरीन उडून जावा म्हणून. आईला याची फार गंमत वाटली. “म्हंजे माशाला शिळं पानी लागतं?” त्या दिवसापासून तिनं माशांना जरा मानानं वागवायला सुरुवात केली. मग आले सोनू, मोनू आणि सचिन, तीन गोल्डफिश. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून त्यांना हळूच सोडलं. घर उजळलं. मी बँकेतून येऊन चहा पेटीसमोर घेऊ लागलो.

पाचव्या दिवशी सोनू गेला. सातव्या दिवशी मोनू. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. नजर लागली म्हणावं तर पडदा कायम ओढलेला. सचिन नवव्या दिवसापर्यंत टिकला आणि कन्या शाळेत असताना बाद झाला. तिला काय सांगायचं यावर घरात तिघांची सभा झाली आणि शेवटी जे सांगायचं ठरलं ते कुणालाच सांगता आलं नाही. तिनं पेटीकडे पाहिलं आणि दप्तर न काढता आजीजवळ जाऊन बसली.

मी पुन्हा वाचायला बसलो, जे आधी करायला हवं होतं. मासा श्वासावाटे अमोनिया सोडतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि माशाला जाळतो. जुन्या पाण्यात दोन जातींचे जंतू असतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडं असलं तर मासे सोसतात. बँकेत एक जण व्यवहार घालतो आणि दुसरा पास करतो, तसंच. नव्या पेटीत या दोन्ही जागा रिकाम्या असतात आणि भरायला चार ते सहा आठवडे लागतात. मी काय केलं होतं? स्टाफ नसताना शाखेचं उद्घाटन करून तीन मोठे खातेदार घेतले होते. त्यातून गोल्डफिश घाण करण्यात पटाईत, आणि त्यांना दिवसातून चार वेळा खाऊ घालणारे आम्ही चौघं.

पुढचे सहा आठवडे पेटीत मासे नव्हते. पंप चालू, दिवा चालू, चिमूटभर खाणं रोज पाण्यात, जंतूंच्या पगारापोटी. येणारा-जाणारा विचारी, “मासे कुठंत?” मी म्हणे, “अजून भरती चालू आहे.” आमच्या शाखेत ही गोष्ट पसरली आणि कॅशियर मला रोज जंतूंची खुशाली विचारू लागला.

मासे अखेर घरातच सापडले. आमच्या मागच्या हौदात आरोग्य खात्याच्या माणसानं केव्हा तरी डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडले होते, फुकट. आईनं गाळणीनं पाच काढले: दोन नर, शेपटीला जरासा रंग असलेले, आणि तीन माद्या, मातकट. कन्येनं नाक मुरडलं. पण गप्पीला आमच्या बोअरच्या जड, क्षाराच्या पाण्याचं वावडं नाही. उलट तेच मानवतं. शिवाय तो अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, आणि मादी एकदा नराजवळ राहिली की नंतर कित्येक महिने स्वतःच्या हिमतीवर देत राहते. चक्रवाढ व्याज मी वीस वर्षं काढतो आहे, पण प्रत्यक्ष पोहताना पहिल्यांदाच पाहिलं. दिवाळीपर्यंत पाचाचे चाळीस झाले. आता मी बरणी हातात घेऊन शाखेत आलो की लोक जेवायला उठतात.

दर रविवारी बदललेलं पाणी आईच्या कढीपत्त्याला जातं. नायट्रेट म्हणजे खतच, त्यामुळे झाड माजलं आहे आणि गल्लीतल्या बायका आता पेटीविषयी बोलत नाहीत, पानं न्यायला येतात. पडदा मी कधी उघडला ते आठवत नाही.

गेल्या मे महिन्यात नळ अकरा दिवस आला नाही. रविवार आला. मी मनाशी ठरवलं, या आठवड्यात पाणी बदलायचं नाही, मासे तेवढं सोसतील. कन्येला सांगायचं कसं एवढाच प्रश्न होता. सकाळी उठून बघतो तर पेटी काठोकाठ, पाणी स्वच्छ, चाळीस गप्पी मजेत, आणि न्हाणीघरातली चौदा लिटरची बादली रिकामी. ती आईची. आदल्या संध्याकाळी भरून तिनं ती शिळी व्हायला ठेवली होती.

“आई, तुझी आंघोळ?”

“झाली की पहाटंच,” ती म्हणाली. तिचा टॉवेल दोरीवर कोरडा ठणठणीत होता. “तू पेपर वाच जा. आज बँक न्हाई.”